राखेच्या बुधवारी सुरू झालेली कारकीर्द : यूर्गन क्लॉप आणि माइन्झ, २००१ ते २००८

गोव्यात कार्निव्हल ज्या दिवसांत रंगतो, त्याच दिवसांत जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ शहरातही रंगतो. ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीचा सोमवार हा तिथला सगळ्यात मोठा दिवस. मंगळवारी रात्री धिंगाणा आटोपतो आणि राखेच्या बुधवारी शहर पुन्हा कामाला लागतं. २००१ साली हा बुधवार २८ फेब्रुवारीला आला होता. त्या दिवशी ब्रुखवेग मैदानावर माइन्झ ०५ या फुटबॉल क्लबचा दुसऱ्या बुंडेस्लिगातला, म्हणजे जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या साखळीतला, सामना होता, ड्यूसबर्गशी. माइन्झच्या बाजूला रेषेबाहेर उभा होता ३३ वर्षांचा यूर्गन क्लॉप. आदल्या दिवसापर्यंत तो याच संघाचा खेळाडू होता. प्रशिक्षक म्हणून एकही सामना त्याच्या नावावर नव्हता.

माइन्झने तो सामना १-० असा जिंकला.

क्लॉपचं पुढचं आयुष्य आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांना तोंडपाठ आहे. डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, २०१९ मध्ये लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये तीस वर्षांनी परत आलेली इंग्लिश लीग. त्यामुळे माइन्झच्या त्या दिवसांकडे आपण उलट्या दिशेने बघतो. एवढा मोठा माणूस, तेव्हा त्याला निवडलं हे बरोबरच होतं, असं वाटून जातं. मला हे प्रकरण त्या दिवशी ते जसं दिसत होतं तसं मांडायचं आहे. क्लबच्या हातात काय होतं, क्लबला काय माहीत होतं, आणि निर्णय घेतल्यावर त्यांनी काय केलं. माझ्या मते क्लॉपला नेमणं हा या गोष्टीतला अर्धाच निर्णय आहे. उरलेला अर्धा त्यांनी पुढच्या सात वर्षांत पुन्हा पुन्हा घेतला, आणि तोच जास्त अवघड होता.

क्लबची अवस्था

माइन्झ ०५ ची स्थापना १९०५ ची, पण २००१ पर्यंत हा क्लब बुंडेस्लिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च साखळीत, एकदाही खेळला नव्हता. शेजारी आइनट्राख्ट फ्रांकफुर्ट आणि कायझर्सलाउटर्न असे नावाजलेले क्लब. माइन्झला बाहेरचे प्रेक्षक 'तुम्ही नुसते कार्निव्हल मंडळ' म्हणून डिवचायचे. माइन्झच्या लोकांनी तो टोमणाच आपलासा केला, तेच शब्द ते स्वतः गाऊ लागले. संघाने गोल केला की मैदानावर आजही कार्निव्हलचीच धून वाजते.

क्लबचा कारभार क्रिस्टियान हायडेल बघायचे. त्यांचा मूळ धंदा मोटारविक्रीचा. क्लबकडे पैसा बेताचा, मैदान जुनं. १९९७ साली एकदा तोंडाशी घास आला होता. शेवटच्या दिवशी वोल्फ्सबुर्गविरुद्धचा सामना जिंकला असता तर बुंडेस्लिगा गाठता आली असती. तो सामना माइन्झ ४-५ असा हरला आणि वोल्फ्सबुर्ग वर गेला.

२०००-०१ चा हंगाम तर वाईटच चालला होता. हंगाम निम्मा होण्याआधीच एक प्रशिक्षक जाऊन दुसरा आला होता. हे दुसरे, एकहार्ट क्राउत्सुन, अनुभवी होते, १९९६ साली कायझर्सलाउटर्नला त्यांनी जर्मन चषक जिंकून दिला होता. तरीही फेब्रुवारीअखेर माइन्झ तळाला रुतलेला होता. त्या काळी दुसऱ्या बुंडेस्लिगातल्या अठरा संघांपैकी चार खाली जायचे, आणि खाली गेलेला छोटा क्लब परत वर येईलच याची काही खात्री नसे. कार्निव्हलच्या ऐन दिवसांत क्राउत्सुन यांना दूर करण्यात आलं. पुढचा सामना बुधवारीच होता. नवा माणूस शोधायला, त्याच्याशी बोलायला, करार करायला वेळच नव्हता.

फ्रांक यांचा वारसा

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हायडेल यांनी क्लॉपलाच का विचारलं याचं उत्तर १९९५ मध्ये आहे.

त्या वर्षी वोल्फगांग फ्रांक माइन्झचे प्रशिक्षक झाले. तेव्हाही माइन्झ तळालाच होता. जर्मनीतले बहुतेक संघ तेव्हा 'लिबेरो' ठेवून खेळत. दोन-तीन बचावपटू समोरच्या आघाडीवीरांना चिकटून राहायचे, आणि त्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू उरलंसुरलं आवरायला असायचा. तुझा माणूस कुठे जाईल तिथे तू जा, असा तो सरळ हिशेब. फ्रांक यांच्या डोक्यात मात्र इटालियन प्रशिक्षक आरिगो साक्की यांचा मिलान संघ बसलेला होता. हिवाळी सुट्टीत त्यांनी लिबेरो काढून टाकला आणि बचावात चार जण एका ओळीत उभे केले.

या पद्धतीत कोणी कोणाच्या मागे धावत नाही. चेंडू डावीकडे गेला की सगळी ओळ डावीकडे सरकते. सगळ्यात उजवीकडचा बचावपटूही आपली बाजू मोकळी सोडून मैदानाच्या मधोमध येतो. मधली फळी त्यांच्यापासून ठरावीक अंतरावर, तिच्या पुढे तितक्याच अंतरावर आघाडी. दहा जणांची जणू एक चटई असते आणि ती चेंडूच्या दिशेने ओढली जाते. मग चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याला चारी बाजूंनी जागाच उरत नाही. प्रतिस्पर्धी कितीही कसलेला असो, तो घाईत चूक करतो आणि चेंडू हातचा घालवतो. मात्र ओळीतला एक जण जरी दोन पावलं मागे राहिला तरी सगळं उसवतं. म्हणून सराव अतिशय कंटाळवाणा असतो. चेंडूशिवाय नुसतं चालायचं, थांबायचं, सरकायचं, पुन्हा मूळ जागी यायचं. तासन् तास.

हे करणाऱ्यांत क्लॉपही होता. माइन्झमध्ये तो १९९० साली आघाडीवीर म्हणून आला. अंगाने उंच, धावायला दमदार, पण पायात जादू नाही. पुढे तो बचावात गेला. दुसऱ्या बुंडेस्लिगातले ३२५ सामने आणि ५२ गोल, एवढी त्याची सगळी खेळाडू म्हणून मिळकत. वरच्या साखळीत तो कधीच खेळला नाही. आपले पाय चौथ्या श्रेणीचे आणि डोकं पहिल्या श्रेणीचं, असं तो स्वतःच सांगत आला आहे. खेळत असतानाच फ्रांकफुर्टच्या गोएथे विद्यापीठात त्याने क्रीडाविज्ञानाचं शिक्षण पूर्ण केलं. फ्रांक यांच्या सरावातून आपल्याला काय मिळालं, हेही त्याने अनेकदा सांगितलं आहे. समोरचे आपल्यापेक्षा चांगले असतील तर आपण हरणारच, असं त्या खेळाडूंना तोवर वाटायचं. या सरावानंतर पहिल्यांदा कळलं की नीट मांडणी केली तर आपल्याहून चांगल्या संघालाही हरवता येतं.

त्या हंगामाच्या उत्तरार्धात माइन्झने पूर्वार्धाच्या दुपटीहून जास्त गुण मिळवले आणि संघ तरला. पण १९९७ मध्ये फ्रांक गेले. पुढच्या वर्षी परत आले, २००० मध्ये पुन्हा गेले. ते नसताना जे जे प्रशिक्षक आले त्यांनी आपापल्या परीने खेळवून पाहिलं आणि कोणाचंच बस्तान बसलं नाही. खेळाडूंच्या अंगात मात्र ती जुनी सवय होती. कोणत्या क्षणी कोणी किती सरकायचं हे त्यांना पाठ होतं. सांगणारा तेवढा नव्हता.

निर्णय

कार्निव्हलच्या गोंधळापासून दूर म्हणून संघ बाड क्रोयत्सनाख या जवळच्या गावी हॉटेलात उतरला होता. हायडेल यांनी क्लॉपशी बोलून त्याला विचारलं आणि क्लॉपने आढेवेढे न घेता होकार दिला. पक्की नेमणूक झाली नव्हती. आधी हातातले सामने काढू, मग बघू, असाच प्रकार होता.

वरवर पाहिलं तर हे 'घरचंच कोणीतरी पुढे करा' असं वाटतं. संघ अडचणीत सापडला की जुन्या लाडक्या खेळाडूला उभं करायचं, लोक टाळ्या वाजवतात, महिनाभर राग थंडावतो. जगभरचे क्लब हे करतात आणि बहुतेकांना त्याचा उपयोग होत नाही. मग इथे काय वेगळं होतं?

मला वाटतं, हायडेल यांनी आधी खेळाची पद्धत निवडली होती आणि माणूस त्यातून आला. हा संघ फक्त फ्रांक यांच्या पद्धतीने खेळला तेव्हाच चांगला खेळला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती पद्धत मुळापासून शिकवणारा नवा प्रशिक्षक आणायचा तर महिने लागणार. ती ज्याच्या अंगात मुरलेली आहे आणि जो ती बोलून दाखवू शकतो असा माणूस ड्रेसिंग रूममध्येच बसला होता. क्लॉपने पहिल्याच सरावात काही नवं शिकवायला घेतलं नाही. चारांची ओळ, मध्ये चार, पुढे दोन, आणि सगळ्यांनी मिळून सरकणं. विसरलेलं पुन्हा आठवून द्यायला एक दिवस पुरतो. नवं शिकवायला तो पुरला नसता.

यात जोखीम होतीच, आणि ती लहान नव्हती. काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांच्यातल्या कोणाला आज बाहेर बसवायचं. 'क्लॉपो' म्हणून ज्याची थट्टा केली, त्याचं ऐकायचं. आपल्याकडे ऑफिसात बरोबरीचा माणूस साहेब झाला की पहिले काही दिवस काय होतं ते कोणालाही आठवेल. क्लॉपने स्वतः पुन्हा मैदानात उतरायचं नाही हे ठरवलं आणि खेळणं त्याच दिवशी थांबवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एक पाय आत आणि एक बाहेर ठेवला असता तर त्या सहकाऱ्यांनी त्याला प्रशिक्षक मानलं नसतं.

पहिल्या सात सामन्यांपैकी सहा माइन्झने जिंकले. हंगाम संपताना संघ चौदावा आला, म्हणजे वाचला. उन्हाळ्यात झेल्को बुवाच क्लॉपचा साहाय्यक म्हणून आला. हाही माइन्झचा जुना खेळाडू. आपल्यापैकी ज्याला आधी प्रशिक्षकपद मिळेल त्याने दुसऱ्याला बोलावून घ्यायचं, असं दोघांनी खेळताना एकमेकांना सांगून ठेवलं होतं. क्लॉपने शब्द पाळला, आणि पुढे सतरा वर्षं ते दोघं एकत्र होते.

६४, ६२ आणि ५४

इथून पुढची तीन वर्षं मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतात.

२००१-०२ मध्ये, जो संघ वर्षभरापूर्वी बुडत होता, तो बढतीच्या शर्यतीत होता. पहिले तीन संघ वर जाणार. शेवटच्या दिवशी बर्लिनमध्ये उनिओनशी नुसती बरोबरी केली असती तरी पुरलं असतं. माइन्झ १-३ असा हरला. ६४ गुण मिळवूनही चौथा.

पुढच्या वर्षीचा शेवटचा दिवस, २५ मे २००३. माइन्झ ब्राऊनश्वाइगला खेळत होता, आणि तिसऱ्या जागेसाठी त्यांच्याशी झुंजणारा फ्रांकफुर्ट घरच्या मैदानावर रॉयटलिंगेनशी. माइन्झने आपला सामना ४-१ असा जिंकला. दुसरीकडे फ्रांकफुर्ट आणि रॉयटलिंगेन ३-३ असे बरोबरीत आले होते. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना फ्रांकफुर्टने चौथा गोल केला. मग नव्वदीच्या आसपास पाचवा. आता दोन्ही संघांचे गुण सारखे आणि गोलफरकही, म्हणजे वर्षभरात केलेले गोल वजा खाल्लेले गोल, सारखा, पण एकूण गोल माइन्झचे जास्त होते. म्हणजे तेव्हाही माइन्झच वर जात होता. ब्राऊनश्वाइगमधला सामना संपला होता, खेळाडू मैदानावरच थांबले होते, दीडशे-दोनशे मैलांवरून येणाऱ्या बातमीकडे कान लावून. जादा वेळेतल्या तिसऱ्या मिनिटाला फ्रांकफुर्टच्या अलेक्सांडर शूरने डोक्याने सहावा गोल मारला. ६-३. दोघांचे ६२ गुण आणि एका गोलाचा फरक. माइन्झ पुन्हा चौथा.

मी जेव्हा जेव्हा हा दिवस आठवतो, तेव्हा ब्राऊनश्वाइगने केलेल्या त्या एका गोलापाशी येऊन थांबतो. सामना हातात असताना खाल्लेला तो एक गोल. त्याने सामन्यात काहीच बिघडलं नाही आणि वर्षाचं सगळंच बिघडलं.

मोठ्या क्लबात काय झालं असतं याची कल्पना करून बघा. दोन वर्षं लागोपाठ शेवटच्या दिवशी हातचं गेलं. 'याला शेवटचा घाव घालता येत नाही' हे वाक्य वर्तमानपत्रांत तयारच असतं. त्यात त्या हंगामात वीस गोल मारणारा आंद्री वोरोनिन क्लब सोडून गेला. माइन्झने प्रशिक्षक बदलला नाही. दुसऱ्या दिवशी शहरात जमलेल्या लोकांसमोर क्लॉप उभा राहिला आणि पुन्हा प्रयत्न करू म्हणाला. लोकांनी ते ऐकून घेतलं.

हायडेल यांच्या बाजूने याचं कारण भावनिक कमी आणि हिशेबी जास्त असावं असं मला वाटतं. संघ ठरलेल्या पद्धतीने खेळत होता, दोन्ही वर्षं आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत संघांच्या बरोबरीने पळत होता. जे चुकलं ते शेवटच्या नव्वद मिनिटांत चुकलं. एका सामन्याचा निकाल आणि ३४ सामन्यांचा खेळ यांतलं काय मोजायचं, हे त्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

२००३-०४ चा हंगाम आधीच्या दोन्हींपेक्षा सुमार होता. मधले कित्येक आठवडे माइन्झ शर्यतीत आहे असं कोणी म्हटलं नसतं. २३ मे २००४ रोजी, शेवटच्या दिवशी, माइन्झने आइनट्राख्ट ट्रियरला ३-० हरवलं आणि पुढे असलेला आखेन कार्ल्सरूहमध्ये हरला. माइन्झ तिसरा. गुण ५४. चौसष्ट गुणांनी दार उघडलं नाही, बासष्टने नाही, आणि चोपन्नने उघडलं. ९९ वर्षांच्या क्लबला पहिल्यांदा बुंडेस्लिगा मिळाली.

वर आणि पुन्हा खाली

वरच्या साखळीत माइन्झ पहिली दोन्ही वर्षं अकरावा आला. सभ्य खेळासाठी मिळणाऱ्या जागेतून २००५ मध्ये युएफा चषकातही खेळला. सेव्हियाला त्यांच्या घरी गोलशून्य बरोबरीत रोखलं, आपल्या घरी ०-२ असा हरला. त्या वर्षी तो चषक सेव्हियानेच जिंकला. याच काळात झेडडीएफ वाहिनीवर २००६ च्या विश्वचषकाचं विश्लेषण करताना क्लॉप देशभर घरोघरी पोहोचला. पडद्यावर बाण आणि वर्तुळं काढून तो ओळ कशी सरकते ते सांगायचा. फ्रांक यांचा कंटाळवाणा सराव त्याने लाखो लोकांना गोडीने समजावला.

२००६-०७ मध्ये माइन्झ सोळावा येऊन खाली गेला. चांगले खेळाडू विकले गेले होते आणि त्यांची जागा भरून निघाली नव्हती. क्लॉपला काढलं नाही. तोही सोडून गेला नाही. बुंडेस्लिगातून घसरलेल्या संघाचा प्रशिक्षक त्याच खुर्चीत नवा हंगाम सुरू करतो, हे जर्मनीत काय, कुठेच फारसं दिसत नाही.

पण या निर्णयाबद्दल मी तितका निःशंक नाही. २००७-०८ मध्ये संघ चौथा आला, ५८ गुण, तिसऱ्या कोलोनपेक्षा दोन कमी. सात वर्षं एकच आवाज ऐकून खेळाडू आणि प्रशिक्षक दोघंही थकत असतील का? मैदानावर बघताना मला तसं वाटायचं. क्लॉपने आधीच सांगून ठेवलं होतं की बढती मिळाली नाही तर आपण जाऊ. शेवटच्या सामन्यात माइन्झने झांक्ट पाउलीला ५-१ हरवलं, आणि तेवढंही पुरलं नाही. शहराच्या गुटेनबर्ग चौकात हजारो लोक त्याला निरोप द्यायला आले. मंचावर तो रडला, खाली लोकही रडत होते. २७० सामने, १०९ विजय, ७८ बरोबरी, ८३ पराभव. कपाटात एकही चषक नव्हता.

पुढचं पान

क्लॉपनंतर क्लबने काय केलं हे पाहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. २००९ मध्ये यॉर्न आंडरसनने संघ पुन्हा बुंडेस्लिगात आणला. नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर हायडेल यांनी त्यांना दूर केलं आणि क्लबच्याच कुमार संघाच्या प्रशिक्षकाला वर घेतलं. त्या ३५ वर्षांच्या माणसाचं नाव थॉमस टुखेल. पाच वर्षांत त्याने माइन्झला वरच्या साखळीत पक्कं बसवलं. आंडरसन यांच्यावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं. टुखेल यशस्वी ठरला म्हणून तो अन्याय पुसला जात नाही.

फ्रांक २०१३ मध्ये वारले. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, वेम्ब्लीवर, त्यांचा एके काळचा बचावपटू डॉर्टमुंडचा संघ घेऊन बायर्नसमोर उभा होता.

हायडेल २०१६ मध्ये शाल्केला गेले आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये माइन्झला परतले. क्लब पुन्हा तळाला होता, १४ सामन्यांत जेमतेम ६ गुण. पुन्हा हिवाळा, पुन्हा तीच घाई. त्यांनी ऑस्ट्रियातल्या एका छोट्या क्लबातून बो स्वेनसन याला बोलावून घेतलं. स्वेनसन २००७ मध्ये माइन्झला आला तेव्हा क्लॉपच्या हाताखाली बचावात खेळला होता, आणि पुढे माइन्झच्याच मुलांना शिकवत मोठा झाला होता. बुंडेस्लिगातल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून एकही सामना त्याच्या नावावर नव्हता. पहिला सामना तो फ्रांकफुर्टशीच खेळला आणि ०-२ असा हरला. मे महिन्यात माइन्झ ३९ गुणांसह बारावा होता.